बारा टाळकरी आणि 'ते नंतर काढता येतं ना?'

खर्जातला
नमस्कार मंडळी. परवा एक घोळ झालाय, म्हणून धागा काढतोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

पुण्यात सिंहगड रोडला राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. खोली दहा बाय बारा. भिंतींवर लाकडी चौकटीत रॉकवूल भरून घरीच केलेली पॅनेलं, चार बरे माइक, आठ इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा). नोकरी सांभाळून शनिवार-रविवार. येणारे म्हणजे सुगम संगीताच्या क्लासच्या मुली, यूट्यूबवर नाव काढू पाहणारे गायक, एखादे कीर्तनकार, बायकोला वाढदिवसाला गाणं भेट देणारा एखादा हौशी नवरा.

आषाढीच्या आधी एका भजनी मंडळाचा फोन आला. चार अभंग करून पेनड्राइव्हवर घालून वाटायचे होते. माणसं किती, विचारलं. "असू आठ-दहा." आले पंधरा. एक पेटी, एक पखवाज, मुख्य गाणारे काका आणि बारा टाळकरी.

टाळ माणसाच्या आवाजाला पार खाऊन टाकतो, हे कानाला माहीत होतं. पण त्या खोलीत बारा जोड्या एकदम वाजल्या तेव्हा काकांच्या माइकमध्ये काका कमी आणि टाळ जास्त यायला लागले. मी सुचवलं, आत्ता टाळ नको, शेवटी एक जोडी वेगळी घेऊ. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी विठोबाला विटेवरून उतर म्हणालोय. "टाळाशिवाय भजन व्हायचं कसं?" त्यांचंही खरंच. हातात टाळ नसला की त्यांना लयच सापडत नव्हती.

आणि इथे मी माती खाल्ली. म्हणालो, "बरं, घ्या. मिक्सिंगमध्ये बघू काहीतरी."

दोन दिवसांनी मिक्स पाठवला. उत्तर आलं: काकांचा आवाज वर घ्या, टाळ कमी करा, आणि तिसऱ्या अभंगात मागे कोणीतरी बेसूर आहे, तेवढा आवाज काढून टाका. होत नाही म्हटलं तर म्हणाले, "नातवाच्या फोनमध्ये ॲप आहे, गाण्यातला आवाज वेगळा निघतो." तसली सॉफ्टवेअरं माझ्याकडेही आहेत. लावून पाहिली. टाळ गेले, पण त्यांच्याबरोबर काकांचे स, श, च पण गेले. अभंग बोबडा झाला. बारा जणांच्या कोरसमधून एकच बेसूर गळा उचलणं तर सोडाच.

आठ हजार ठरले होते, दोन आधी मिळाले. उरलेल्या सहाचं नाव नाही. वर टोमणा: पखवाजाला कणीक लावायचा वेळसुद्धा तासात मोजला म्हणे! (पाऊण तास गेला हो त्यात. कणीक मळायला परात आमच्या स्वयंपाकघरातून गेली. कणीकही आमचीच.)

पैशांपेक्षा मला हे विचारायचंय: गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते आधी कसं ओळखता? आणि जे होणार नाही ते तोंडावर कसं सांगता?

चाटी
मी तबलजी आहे, म्हणजे तुमच्या टेबलाच्या पलीकडचा. कणकेवरून सुरुवात करतो, कारण तिथे दुखलं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक ऐनवेळीच लागते. घरून लावून आणली तर वाटेत सुकते, आवाज बदलतो. वाजवून, थापटून, थोडी काढून, पुन्हा लावून मग ती बसते. आमच्या तबल्याचंही तेच. पावसाळ्यात पुडी (तोंडावरचं चामडं) सैल पडते, रिक्षातून उतरून आलं की पंधरा-वीस मिनिटं हातोडी चालवल्याशिवाय सूर धरत नाही. हा वाजवण्याचाच भाग आहे. तो मोजायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण आधी सांगा. मी ज्यांच्याकडे नेहमी जातो ते पहिली ३० मिनिटं मीटर बंद ठेवतात. तेवढ्यासाठी मी दुसरीकडे जात नाही.

डोंबिवली_फास्ट
खर्जातला, तुमचा घोळ टाळांमुळे झाला नाही, "असू आठ-दहा" मुळे झाला.

मी आता माणसांचा आकडा विचारतच नाही. नावं विचारतो. "कोण कोण येणार, नावं पाठवा, पाण्याच्या बाटल्या तेवढ्या आणायच्यात." आकडा माणूस अंदाजे फेकतो, पण नावं लिहायला बसला की त्यालाच कळतं की आपण सगळा गाव घेऊन निघालोय.

दुसरं विचारतो पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गाणार ते. काळी एक की पांढरी दोन, एवढं ज्याला सांगता येत नाही त्याची तालीम झालेली नसते. त्याला तारीख देत नाही, एका तासाची तालीम देतो, निम्म्या भावात. आमच्या खोलीतच. निम्म्या लोकांना त्या तासातच उमगतं की अजून पंधरा दिवस घरी बसायला हवं. नुकसान वाटेल, पण असं परत गेलेलं माणूस रागावून जात नाही आणि बहुतेक वेळा परत येतं.

आणि तिसरं: "कशासारखं हवंय?" यावर उत्तर येतं ते ऐकून झोप उडते. एकजण साठ व्हायोलिनांचं गाणं घेऊन आला होता. हातात काय, तर फोनवर उतरवलेला कराओके ट्रॅक. मी त्याला समोर बसवलं, त्या गाण्याचं पहिलं मिनिट स्पीकरवर लावलं, मग त्याचा ट्रॅक लावला. काही बोललोच नाही. तोच म्हणाला, "मग आपण साधं पेटी-तबल्यावर करूया का?"

मनीमाऊ
मी गाणारी आहे. डोंबिवली_फास्ट, पद्धत आवडली, पण एक सांगू? आम्हाला शब्दच नसतात. पहिल्यांदा रेकॉर्डिंगला गेले तेव्हा मी "आवाज कोरडा येतोय" म्हणत राहिले आणि ते दादा बिचारे रिव्हर्ब (आवाजातली घुमी) वाढवत राहिले. माझं दुखणं वेगळंच होतं: हेडफोनमध्ये माझा आवाज मला किंचित उशिरा ऐकू येत होता. गाताना घसरल्यासारखं होत होतं, पण त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी सॉफ्टवेअरमधून येणारा आवाज बंद करून थेट इंटरफेसमधून कानात दिला आणि मी पहिल्या दमात गायले.

आणि पहिलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर रडू आलं होतं ते वेगळंच. स्वतःचा आवाज आपण हाडांतून पण ऐकत असतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. माइकमध्ये फक्त हवेतून येणारा जातो. "माइक खराब आहे" असं मी चक्क म्हणाले होते. हे कोणी आधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर!

खर्जातला
@मनीमाऊ, "माइक खराब आहे" हे मला वर्षातून चारदा ऐकावं लागतं. आता नवीन माणूस आला की त्याला आधी दोन ओळी गायला लावून ऐकवायला हवं. काय रडायचंय ते मीटर सुरू व्हायच्या आधी.

मनीमाऊ
हो, आणि सुराचं पण सांगते. एका ठिकाणी मला न सांगता माझ्या गाण्यावर ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर फिरवलं. मी तानपुऱ्यावर गाणारी. तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंटनी खाली असतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). सॉफ्टवेअरने माझे सगळे गंधार उचलून पेटीच्या पट्टीवर नेऊन ठेवले, मिंडा कापल्या, आणि वर मला सांगण्यात आलं, "ताई, सूर दुरुस्त केलाय." माझ्या बाईंनी ऐकलं आणि विचारलं, "हे कोण गातंय?" स्टुडिओवाल्यांना वाटलं होतं मी खूश होईन. त्यांच्याकडे येणाऱ्या दहातले नऊ होतही असतील. म्हणून विचारायला हवं होतं.

डोंबिवली_फास्ट
मान्य. दहातले नऊजण "ऑटोट्यून नको" म्हणतात आणि मग "जरा तो चॅनलवाल्यांसारखा आवाज करा ना" म्हणतात. दोन्ही करून शेजारी शेजारी ऐकवायचं, हाच उपाय.

जुना_टेपवाला
वय झालंय, त्यामुळे टाइप करताना चुका होतील, सांभाळून घ्या.

मुंबईत टेपच्या काळात मदतनीस म्हणून उमेदवारी केलीय. तेव्हा सगळे एकाच वेळी वाजवायचे. एकाने चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कोणीही "नंतर बघू" म्हणत नसे, कारण नंतर काहीच नसायचं. वादक आठ-आठ तालमी करून आलेले असत. गायकाला पुढे, तबला जरा मागे, ढोलकीवाल्याला पार कोपऱ्यात: आवाजाचं निम्मं मिक्सिंग खुर्च्या मांडतानाच व्हायचं.

खर्जातला, तुमचे बारा टाळकरी मी खोलीत घेतलेच नसते. बाहेर हॉलमध्ये उभे केले असते, दार अर्धं उघडं, आणि आतले काका हेडफोनवर. त्यांना टाळ हातात मिळाला असता आणि तुम्हाला काका. टाळ लांबून आला की गोडही लागतो. मंदिराच्या सभामंडपात बाहेर उभं राहून भजन ऐकलंय ना? तसं. शेजाऱ्यांचं मात्र तुम्ही बघा.

तुमचं "मिक्सिंगमध्ये बघू" हे वाक्य म्हणजे उधारीवर माल देणं. वसुलीला मग हेलपाटे.

चाटी
टेपवाले आजोबा, दंडवत. हे हॉलवालं जमेल तिथे जमेल, पण आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे काका झांज वाजली तरी वर येतात.

गावाकडचा
सांगलीकडे असतो. इथल्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग बरंच करतो. लेखी करार वगैरे सुचवण्याच्या आत सांगतो: त्यांच्यापुढे कागद ठेवलात की सगळे उठून जातील. "आमच्यावर विश्वास नाही होय?" संपलं.

मी काय करतो, फोनवर बोलणं झालं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज. साध्या मराठीत. किती अभंग, किती तास, पैसे किती, निम्मे आधी, दुरुस्ती दोनदा फुकट, तिसऱ्या खेपेपासून पैसे. शेवटी "बरोबर आहे ना, दादा?" समोरून "हो" आलं की झालं. भांडण झालंच तर त्या "हो" वर बोट ठेवता येतं, आणि बहुतेक वेळा ठेवायची वेळच येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: मंडळातला एकच माणूस बोलेल, हे आधी ठरवून घ्यायचं. मिक्स मंडळाच्या ग्रुपवर पडला की प्रत्येकाला आपलाच आवाज कमी वाटतो. एकदा मला एका रात्रीत एकवीस सूचना आल्या, त्यातल्या सात एकमेकांच्या उलट्या. पेटीवाला म्हणतो पेटी वाढवा, बुवा म्हणतात पेटी काढाच.

डोंबिवली_फास्ट
+१. आणि ते मिक्स ऐकतात कशावर? फोनच्या स्पीकरवर! "डग्गा ऐकूच येत नाही" अशी तक्रार आली की आधी विचारायचं, कशावर ऐकलंत? फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो खर्ज पेलतच नाही. तशात व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून पाठवतं, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी शेवटचा मिक्स पाठवतच नाही. या, बसा, चहा घ्या, इथेच ऐका, इथेच सांगा. समोर बसून ऐकणारा माणूस तीन सूचना करतो, घरी बसलेला तेरा.

न्यूजर्सीचा_नंदू
इथे महाराष्ट्र मंडळाच्या लोकांची गाणी बेसमेंटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणून लिहितो. आमचे तबलजी बरेचदा तिकडे भारतात आणि गाणारे इकडे. एकदा पुण्याहून तबल्याची फाइल आली, काळी एकमधली, ४४.१ वर केलेली (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४.१ हजार नमुने). माझं सगळं काम ४८ वर. मी घाईत फाइल तशीच ओढून टाकली आणि सॉफ्टवेअरनेही काही विचारलं नाही. तबला पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी वाजायला लागला, लयही चढली. गाणाऱ्या वहिनी त्यावर तासभर धापा टाकत गायल्या, आणि मग "तुमच्या तबलजींना लय कळत नाही" असं त्या तबलजींनाच फोनवर ऐकवलं. चूक माझी होती. ते कबूल करायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून फाइल मागतानाच लिहितो: ४८, २४ बिट, पट्टी, लय किती, आणि सुरुवातीला चार मात्रा मोजून द्या. आणि हो, गिऱ्हाइकाच्या अपेक्षांबरोबर आपल्या चुकाही लगेच सांगाव्यात. वहिनी अजून त्या तबलजींशी बोलत नाहीत.

अवांतर: इथली घरं लाकडी, हिवाळ्यात फर्नेस सुरू झाली की घुर्र्र. एक गाणं पूर्ण होईपर्यंत घरच्यांना कुडकुडत बसवतो.

खर्जातला
@नंदू, आमच्याकडे फर्नेस नाही, पण गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी सातनंतर माझी खोली म्हणजे पथकाचा ग्रीनरूम. हे मी आता तारीख देतानाच सांगतो: जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळ मिळणार नाही, सकाळी या. पूर्वी सांगायचो नाही आणि मग लोकांना वाटायचं माझं काचेचं दार बोगस आहे. (बोगस आहेच, पण इतकं नाही.)

वाचनमात्र_वकील
इतके दिवस नुसता वाचत होतो, पण एक राहिलंय. अभंग यूट्यूबवर टाकणार असतील तर आधीच विचारा, चाल कोणाची? "तुकोबांचा अभंग, त्याला कसला कॉपीराइट" असं सगळे म्हणतात. शब्दांना नाही, हे खरं. पण लोकप्रिय चाल कुणा संगीतकाराने बांधलेली असेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. पारंपरिक चाल असेल तर प्रश्न नाही. दावा आला, व्हिडिओ खाली आला, की गिऱ्हाईक तुम्हालाच विचारणार, "तुम्ही बोलला नाहीत?"

गावाकडचा
हे आमच्याकडे झालंय. मी खरंच बोललो नव्हतो.

चाटी
मला एकच प्रश्न पडलाय. खर्जातला, ते काका पुन्हा भेटले की नाही? आणि सहा हजार?

खर्जातला
(सव्वा महिन्यानंतर)

अपडेट द्यायचं राहिलं.

तुमचं सगळं वाचून काकांना फोन केला. पैशांचा विषय काढला नाही. म्हटलं, "काका, मिक्सिंगमध्ये होईल म्हणालो ते माझं चुकलं. ते होत नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. एक अभंग पुन्हा करून बघूया, माझ्या खर्चाने. आवडला तर बाकीचे." गप्प झाले. मग म्हणाले, "तिसरा करू. त्यात बेसूर मीच होतो, मला माहितीये."

(हे ऐकून मला काय बोलावं सुचलं नाही.)

गावाकडच्यांच्या पद्धतीने मेसेज टाकला, "हो" आलं, अंगठ्यासकट. नावं मागितली तर सात आली, आणि सातच जण आले. टेपवाल्या आजोबांचं ऐकून टाळकऱ्यांना हॉलमध्ये उभं केलं. खालच्या मजल्यावर आधीच पेढे देऊन आलो होतो. हॉलमध्ये काकांचा आवाज एका छोट्या स्पीकरवर बारीक सोडला. पहिल्या घासाला दाराच्या फटीतून टाळ थोडे जास्त आले, मग दार आणखी पुढे ओढलं आणि खाली गोधडी टाकली. दुसऱ्या घासाला जमलं. टाळ लांबून येतात आणि काका अगदी कानाशी. मनीमाऊंच्या सांगण्याप्रमाणे काकांना आधी त्यांच्याच दोन ओळी ऐकवल्या. म्हणाले, "माझा आवाज एवढा बारीक आहे?" पण माइकला दोष दिला नाही.

मिक्स इथेच बसून ऐकला. सूचना दोन आल्या. एक पखवाज जरा वर, आणि दुसरी शेवटच्या "विठ्ठल विठ्ठल" मध्ये टाळ जोरात हवेत. ती काकांचीच. केले.

बाकीचे तीन अभंगही पुढच्या रविवारी झाले. जुने चार हजार मिळाले, दोन मीच सोडले. नवीन कामाचे निम्मे आधी आले.

चाटी
आणि कणीक?

खर्जातला
पखवाजवाले घरून मळून घेऊन आले. स्टीलच्या डब्यात, वर ओलं फडकं. वीस मिनिटांत लागली. उरलेला गोळा जाताना बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, मागची परत केली."